चौथी तार

जुन्या स्पूल टेपा डिजिटल करायचं काम मी करतो, दादरला. टेप लावायची, बटण दाबायचं, एवढंच असतं असं लोकांना वाटतं. आधी टेप वाचणाऱ्या हेडचा कोन टेपशी जुळवावा लागतो. तो किंचित कलला तरी वरचे नाद बोथट होतात, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर ते नीट परत आणत नाही. इथे घाई करणाऱ्याचं काम मला दोन मिनिटांत ओळखू येतं.

ही टेप गिरगावातल्या घरगुती बैठकीची. गायिकेचा स्वर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. तंबोऱ्यावर त्यांची तेव्हा विशीतली शिष्या, आता ऐंशीच्या घरात. टेपवर विजेची घूं होती, आम्ही तिला हम म्हणतो. आजींचा मुलगा म्हणाला, “एकदम क्लीन करा.” हल्ली सगळ्यांना क्लीनच हवं असतं.

आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून हम बसतो 50, 100, 150, 200 वर. टेपचा वेग हलत होता, त्याबरोबर हमही सरकत होता. म्हणून त्या जागा कापणारे फिल्टर मी रुंद ठेवले. मॉनिटर स्पीकरवर गाणं लख्ख वाटलं.

शनिवारी आजी स्वतः ऐकायला आल्या. त्यांना सेनहायझरचा एचडी 600 लावून दिला. त्यांचा उजवा हात आपोआप मांडीवर चालू झाला. मधलं बोट, मग तर्जनी, तर्जनी, तर्जनी. चौथ्या तारेला बोट अडलं. पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच.

“अरे, माझा खर्ज कुठे गेला? नुसता झणकार आहे, खाली काही नाही.”

मी हेडफोन घेतला आणि मूळ टेप लावली. खर्ज, म्हणजे खालच्या सा ची चौथी तार, छेडला की आधी बोटाचा बारीक टक्, मग भरीव नाद पसरतो, आणि तो विरता विरता त्यातून गंधार, म्हणजे ग, वर येतो. माझ्या फाइलीत गंधार होता, पण अधांतरी. हिशेब सोपा होता आणि तो मी केलाच नव्हता. काळी चारचा जोड, म्हणजे सा च्या मधल्या दोन तारा, साधारण 208 हर्ट्झवर, पहिली तार पंचम 156, खर्ज 104. प्रत्येक तार हमच्या शेजारी. तारेचा नाद एकावर एक थरांचा असतो. जोडाचा आणि पंचमाचा सगळ्यात खालचा एकेक थर गेला, खर्जाचे पहिले दोन्ही, 104 आणि 208. मी गाणं ऐकत बसलो होतो, तंबोरा ऐकलाच नाही.

त्या रात्री फिल्टर अगदी अरुंद करून, सरकणाऱ्या हममागे तुकड्या-तुकड्याने हाताने फिरवले. थोडी घूं राहिली. आजींनी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली, बोट कुठे अडलं नाही. मुलाला मात्र अजून ती घूं खटकते.

मला खटकतंय ते वेगळंच. तेच रुंद फिल्टर मी दोन वर्षं सेव्ह करून वापरतोय. पांढरी एकमध्ये गाणाऱ्यांचा पंचम तर 98 वर, थेट फिल्टरच्या तोंडात. त्या टेपा कधीच घरोघर परत गेल्या. जुन्या हार्ड डिस्क काढल्यात. काळी चार आणि पांढरी एकच्या अकरा निघाल्या, त्यातल्या चार जणांना फोन करून झालाय.