तुम्ही विचारलंत म्हणून: काटा माझ्या हातात होता

"म्हणजे काहीही करायचं, आणि येशूवर विश्वास ठेवला की सगळं माफ? मग चांगलं वागायचं कशाला?"

हा प्रश्न लोक मला दहा-बारा वर्षं विचारत आलेत. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, मी जिथं हिशेब लिहितो त्या खतांच्या दुकानात. सगळ्यात चिकाटीने विचारतात आमच्या शेजारचे तात्या. ते माळकरी आहेत, मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीत पायी चालतात, आणि केल्या कर्माचं फळ भोगल्याशिवाय सुटका नाही असं मनापासून मानतात. त्यांच्या विचारण्यात टिंगल नसते. म्हणूनच त्यांना तोंडपाठ उत्तर देताना माझी जीभ अडखळते.

तोंडपाठ उत्तर माझ्याकडे आहे. लहानपणापासून शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, घोकलेलं: तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होतं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी फुशारकी मारू नये. बायबलमधलं प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय. उत्तर खरं आहे, आजही मी त्यावर जगतो. पण हेच वाक्य मी एकदा एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर फेकलं होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही बोलण्याचा मला हक्क नाही.

2012 च्या हंगामात मी एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर कामाला होतो. कापसाची भरलेली ट्रॉली आधी मोजायची, कापूस खाली झाला की रिकामी ट्रॉली पुन्हा मोजायची, वजाबाकी करून पावती फाडायची. रिकामी ट्रॉली काट्यावर आली की आमचा एक माणूस मागच्या बाजूला प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा. रिकाम्या गाडीचं वजन साठ-पासष्ट किलोनं वाढायचं, तितकाच शेतकऱ्याचा कापूस कमी भरायचा. मालकानं हे मला तोंडानं कधीच सांगितलं नाही. हंगाम संपल्यावर पाकीट मात्र दिलं. मी दर रविवारी उपासनेला जात होतो, प्रभुभोजन घेत होतो. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला, म्हणजे माझं खातं तिकडे उघडलेलंच आहे, असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी एक आबा आले. त्यांनी घरीच गाठोडं-गाठोडं करून कापूस मोजला होता आणि आकडे मुलाच्या वहीच्या पानावर उतरवून आणले होते. पावतीवर 10 क्विंटल 75 किलो पाहून त्यांनी ते पान माझ्यापुढं धरलं. "भाऊ, घर मोजेल शे. अकरा क्विंटल चाळीस."

पासष्ट किलो. मागे कोण उभा होता तेही मला माहीत होतं.

रांगेत तीस-चाळीस माणसं होती. मी आबांशी अहिराणीत बोलू शकलो असतो, घरी आम्ही तीच बोलतो. मी मुद्दाम शुद्ध मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आबा, खोटं बोलू नका. काटा खोटं बोलत नाही." मागून कोणीतरी हसलं. आबांनी पानाची घडी घातली, खिशात ठेवली, पावती घेतली आणि ते गेले. भाव क्विंटलला 4,100 होता. पासष्ट किलोचे 2,665 रुपये.

पुढच्या वर्षी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलच्या नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय वाचला गेला. पहिलीच ओळ: खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे. पाळकसाहेबांना माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्या हंगामानंतर मी काटा सोडला. एक वही केली, आठवतील ती नावं लिहिली. एक्केचाळीस झाली. त्यातल्या एकोणीस जणांना पैसे परत केले. कुणी घेतले, कुणी शिव्या दिल्या, एकानं चहा पाजला. पण वही मिटेना. रात्री दोनला नवा चेहरा आठवायचा, नाव आठवायचं नाही. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याचं कसं फेडायचं? मोशेच्या नियमशास्त्रात अशा भरपाईचा हिशेब दिलेला आहे: मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. मी तोही लावून पाहिला. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापं कबूल करायचा, उठून बाहेर पडला की राहिलेलं एखादं आठवायचं आणि परत जायचा, हे मी पूर्वी वाचलं होतं. वाचताना तो माणूस मला अतिरेकी वाटला होता. त्या वर्षी तो मला सख्ख्या भावासारखा वाटला.

अशातच पौलाच्याच रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय पुन्हा वाचनात आला. अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्या नावे नीतिमत्त्व, म्हणजे देवापुढं निर्दोष असणं, असा गणण्यात आला. इथं 'गणणे' हे ज्या ग्रीक शब्दाचं भाषांतर आहे तो हिशेबाचा, खात्यात मांडण्याचा शब्द आहे, आणि पौल एवढ्या एका अध्यायात तो अकरा वेळा वापरतो. हे गणणं झालं तेव्हा अब्राहामाची सुंता झालेली नव्हती आणि नियमशास्त्र यायला तर कित्येक शतकं होती, हे पौलाला ठासून सांगायचंय. म्हणजे जमेच्या बाजूला मांडायला त्या माणसाकडे काहीच नसताना ते गणलं गेलं. मी हिशेबनीस माणूस. वही उशाशी ठेवून तो अध्याय वाचला आणि रडलो. ख्रिस्तानं माझं देणं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि त्याचं नीतिमत्त्व माझ्या नावावर चढलं, हे त्या रात्री मी मानलं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

आणि त्याच भरात, 2016 मध्ये, मी आबांच्या गावी गेलो.

आबा वारले होते, वर्ष झालं होतं. त्यांच्या बायकोनं ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी बायबलमधल्या जक्कयाचा हिशेब करून गेलो होतो. तो जकातदारांचा मुख्य, येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा उठून म्हणाला, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. 2,665 ची चौपट 10,660. पाकीट पुढं ठेवून मी सगळं सांगितलं. माय काही बोलली नाही. उठून मला आत घेऊन गेली. भिंतीवर कोळशानं लिहिलेले आकडे होते, गाठोड्यागणिक एक, खाली बेरीज. वहीच्या पानावर इथूनच उतरवलेले.

तिनं पाकिटातून 2,665 मोजून घेतले. सुटे पाच रुपये नव्हते, तर डब्यातून काढून मला परत दिले. "मन्हा हक्कना तितलाच." बाकीचं पाकीट माझ्या हातात. मग म्हणाली, "पैसानं ऱ्हाऊ दे. तू त्यासले खोटा कया. आते पारवर जाय, चार माणसंमा सांग, त्या खोटं बोलनात नही."

पार पन्नास पावलांवर होता. पाच-सहा माणसं बसलेली दिसत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "माय, देवानं मला माफ केलंय. कर्मांनी नाही, विश्वासानं."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुन्हा देवनी तुले माफ कयं. मन्हा मालकले, आबासले, कोन्ही इचारं?"

मी पाराकडे न जाता उलट्या वाटेनं एसटी थांब्यावर आलो.

तेव्हा, तुम्ही जो प्रश्न विचारता त्यातला तो माणूस कुठेतरी असेल असं नाही. तो मीच होतो. काहीही करून विश्वासाच्या आडोशाला उभं राहणारा. तुमचा संशय खोटा नाही, हे मला कबूल करायचं होतं.

पण याच्यापुढे तुमच्या-माझ्या वाटा वेगळ्या होतात. तुम्ही म्हणता, ही शिकवणच असली माणसं घडवते. मी म्हणतो, त्या ओट्यावर मी शिकवणीचं वाक्य बोललो, पण विश्वास ठेवला नव्हता. ज्याला खरोखर वाटतं की देवानं आपल्याला नीतिमान ठरवलंय, त्याला पाच-सहा माणसांपुढं खोटा ठरायची एवढी भीती कशाला वाटेल? माझी अब्रू ख्रिस्ताच्या हाती आहे असं मी म्हणत होतो आणि तीच अब्रू छातीशी धरून पळत होतो. बायबलच्याच दुसऱ्या एका पत्रात याकोबानं लिहिलंय की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. तुमच्यातले काही जण ते वाक्य मला पौलाविरुद्धचा पुरावा म्हणून दाखवतात. मला ते त्या दिवसाचं वर्णन वाटतं.

आणि तात्या, तुम्ही नेहमी म्हणता, नुसतं 'ठरवल्यानं' काय होतं, माणूस तर तोच राहतो. काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण मी उलटं करून पाहिलंय. मी एका खऱ्या माणसाला एका वाक्यात खोटा ठरवलं. त्याच्या अंगावर काही ओरखडा उठला नाही. तरी तो माणूस पुन्हा कधी स्वतः कापूस घेऊन मोजायला गेला नाही, मुलाला पाठवायचा, हे मला नंतर त्या गावातच कळलं. ठरवणाऱ्याच्या तोंडात एवढी ताकद असते. मग देव जेव्हा खोट्या माणसाला नीतिमान ठरवतो, तेव्हा ती नुसती शब्दांची गंमत आहे हे मी कसं मानू? फरक इतकाच की मला ते वाक्य फुकट पडलं. त्याला वधस्तंभ पडला.

चार महिन्यांनी मी परत गेलो. थेट पारावर. जे केलं ते सांगितलं, अहिराणीत, आबांचं नाव घेऊन. दोन म्हाताऱ्यांना प्रसंग आठवत होता, बाकीच्यांना नाही. एक पोरगा मोबाइलवर काढत होता, काढू दिलं. माय ओट्यावर उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती आत निघून गेली आणि दार लोटून घेतलं.

तिनं मला माफ केलेलं नाही. मीही पुन्हा मागितली नाही. द्यायची की नाही हा हक्क तिचा, आणि देवानं माझ्या नावे काय गणलं हे सांगून तो तिच्याकडून काढून घेता येत नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. वही अजून आहे. बावीस नावं बाकी आहेत, दर हंगामात एखादं सापडतं. हे फेडून तारण मिळेल म्हणून करतो का? नाही. मग कशासाठी? रात्री दोनला जाग येते तेव्हा मला याचं उत्तर तितकं स्वच्छ देता येत नाही, दिवसा देता येतं तितकं.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. रविवारी त्या ओळीवर मी थांबतो. मंडळी पुढं जाते, मी मागून गाठतो.

मागच्या आठवड्यात हे सगळं मी तात्यांना पहिल्यांदा सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझं समजलं. तुला तुझ्या देवानं सोडवलं, मान्य. त्या बाईला काय दिलं त्यानं?"

मी म्हणालो, ख्रिस्तालाही चार माणसांत खोटा ठरवूनच मारला, तो आधी आबांच्या बाजूला उभा आहे, मग माझ्या. तात्या म्हणाले, "हे तिला सांगशील का?"

अजून सांगितलेलं नाही.