आमची वाटचाल: जांभळ्या झाकणाची नळी

२०११ साली धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचात एका छोट्या गाळ्यात आम्ही जनावरांचं रक्त तपासणारी लॅब थाटली. जुना मायक्रोस्कोप, एक सेंट्रीफ्यूज आणि घरचाच फ्रिज, एवढंच भांडवल. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञ, आठ वर्षं माणसांच्या पॅथॉलॉजीत काढलेली, बायको पशुवैद्यक. ‘जनावराच्या रक्ताला पैसे कोण मोजणार?’ असं भावकीत सगळेच विचारायचे.

कारण घरातच घडलं होतं. वडिलांची घोडी वरातीला जायची. तिला ताप यायचा, उतरायचा, चार दिवसांनी पुन्हा चढायचा. पोटाखाली आणि पायांवर सूज. वैरण खात असूनही अंग वाळत चाललेलं. रक्त एका लांबच्या शहरातल्या लॅबला पाठवलं. भर उन्हाळ्यात ते एसटीतून गेलं आणि आठ दिवसांनी निरोप आला, ‘नमुना खराब’. तोवर घोडी गेली होती. तिला सर्रा, म्हणजे चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग, झाला असावा असं आज वाटतं. पण ते कायमचं ‘असावा’च राहिलं, याचं दुःख अजून आहे.

इथून सारंगखेडा जवळ. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो, लाखालाखांचे सौदे होतात. घेणारा दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे बघतो. रक्त मात्र कुणी बघत नव्हतं.

पहिल्याच वर्षी आमच्या हातून चूक झाली. एका घोड्याची एकच काचपट्टी बघून आम्ही ‘सर्रा नाही’ असा रिपोर्ट दिला. दोन आठवड्यांनी मालक घोड्याला टेम्पोत घालून घेऊन आला. जनावराला उभं राहवत नव्हतं. ताप चढलेला होता. बायकोने लगेच रक्त काढलं, मी ताजा थेंब काचेवर घेतला. लाल पेशींच्या गर्दीत एक बारीक धागा वळवळत होता, पेशींना धक्के देत. मी बाजूला झालो, म्हटलं, “नाना, तुम्हीच बघा.” नानांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि नुसतं विचारलं, “औषध आहे ना?” होतं. क्विनापायरामिनचं इंजेक्शन दिलं आणि घोडा वाचला.

सर्राचे जंतू रक्तात रोज सारखे दिसत नाहीत. तेव्हापासून एका पट्टीवर आम्ही ‘रोग नाही’ लिहीत नाही. ‘या नमुन्यात दिसला नाही’ असं लिहितो आणि ताप चढेल तेव्हा पुन्हा रक्त मागवतो. काही गिऱ्हाइकं चिडतात. चिडू देत.

ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची तपासणी आम्ही करत नाही. संशय आला की पशुसंवर्धन खात्याला कळवतो. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. हा रोग माणसालाही होतो, आणि पक्का ठरला तर जनावरांच्या साथरोगांबद्दलच्या २००९च्या कायद्यानुसार घोड्याला दयामरण द्यावं लागतं. पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं जनावर असतं ते. अशा निकालाची घाई कुणी करू नये आणि तो दडवूही नये.

लॅब चालते ती मात्र गायींवर. गोचीड ताप तर संकरित गायींच्या गोठ्यात नेहमीचाच. गाभ पडली की ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या, माणसालाही लागणाऱ्या जंतूसाठी रोझ बेंगॉल चाचणी: सीरमचा (रक्तातल्या पाण्याचा) थेंब, गुलाबी अँटिजेनचा (मारलेल्या जंतूंच्या द्रावणाचा) तेवढाच थेंब, चार मिनिटं पट्टी हलवायची, रोग असेल तर रंगाच्या गुठळ्या धरतात. गुठळ्या दिसल्या की माझा पहिला प्रश्न गायीबद्दल नसतो. “वार कुणी ओढली? हातमोजे होते का?” बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं, आणि मग त्या माणसालाच आधी दवाखान्यात पाठवावं लागतं.

यंदाही बाजारात आमचं टेबल असेल. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या (तिच्यात रक्त गोठू न देणारं रसायन असतं), नळी हलक्या हाताने खालीवर करा, जोरात झटकू नका. बर्फाला थेट टेकवू नका, फडक्यात गुंडाळा. आणि रक्त काढलं तेव्हा ताप किती होता, ते चिठ्ठीवर जरूर लिहा.