रंगांची भाऊबंदकी

काळ्या पँटवर काळा शर्ट घालायला डोकं लागत नाही, असा माझा समज होता. ‘मॅचिंग’ नावाचं प्रकरण ज्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे अशांसाठी देवाने काळ्या रंगाची सोय करून ठेवली आहे, असं मी एकदोघांना ऐकवलंही होतं. त्यामुळे एका समारंभाच्या निमंत्रणाखाली ‘पोशाख : काळा’ अशी सूचना दिसली तेव्हा मला हायसंच वाटलं. आदल्या रात्री दिव्याखाली दोन्ही कपडे अंगावर चढवून पाहिले. झकास. सकाळी तेच घालून खिडकीपाशी आलो, तर ताई माझ्याकडे एकटक बघायला लागली.

“पँट हिरवी आहे का रे तुझी?”

“काळी आहे.”

“मग शर्ट काळा नाही.”

मी खाली पाहिलं. शर्ट पँटीत खोचला होता, बरोबर तिथे एक सीमा तयार झाली होती. सीमेच्या वर गंज चढल्यासारखा तांबूस शर्ट आणि खाली शेवाळ धरल्यासारखी पँट. रात्री ही दोघं सख्खी भावंडं होती. मला ते पटेना, म्हणून शर्ट काढून पांढऱ्या चादरीवर टाकला. काळा. पँट टाकली. काळी. दोघांच्या कडा एकमेकांना भिडवल्या, की पुन्हा गंज आणि शेवाळ.

खरं तर त्यात त्यांचा दोष नाही. कापडाला जो रंग आपण काळा म्हणतो तो बहुतेक वेळा एकटा काळा नसतो. कुठे गडद निळ्याचा पाया असतो, कुठे दोन-तीन रंग एकत्र करून काळं केलेलं असतं. उजेड जवळजवळ सगळा गिळला जातो, पण जो थोडासा परत येतो तो कुणाचा लालसर, तर कुणाचा हिरवट. दिव्याच्या उजेडात हा उरलेला भाग सारखा दिसू शकतो आणि उन्हात वेगळा पडतो. रंगाऱ्यांना आणि छपाईवाल्यांना ही डोकेदुखी चांगली ठाऊक असते, त्यांनी तिला ‘मेटामेरिझम’ असं भारदस्त नावही दिलंय. त्यात कापडाचा पोत आणखी गोंधळ घालतो. मखमलीची लव उजेड आत अडकवून ठेवते, म्हणून मखमलीचा काळा विहिरीसारखा खोल दिसतो. सॅटिन तोच उजेड तोंडावर परत फेकतं. रंग एकच वापरला तरी दोन कापडांवर दोन काळे तयार होतात.

काळ्यावरून झालेलं सगळ्यात गाजलेलं भांडण मात्र पॅरिसमधलं. मिशेल यूजीन शेव्रल हे मूळचे चरबी आणि साबण यांचे रसायनशास्त्रज्ञ. 1824 साली त्यांना गोबलँच्या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख नेमलं. तिथे चित्रपट विणले जात, म्हणजे भिंतीवर टांगायचे, कापडाचे. तक्रार अशी होती की निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा हवा तसा काळा दिसत नाही. शेव्रल यांनी इतर ठिकाणचे काळे धागे मागवले, शेजारी ठेवून तपासले. आपला रंग कुठेच कमी नव्हता. काळा मार खात होता तो शेजाऱ्यांमुळे. या एका तक्रारीमागे ते वर्षानुवर्षं लागले आणि 1839 साली त्यावर जाडजूड ग्रंथ निघाला. (ते एकूण 102 वर्षं जगले. एवढा काळ्याचा पाठपुरावा करायचा तर आयुष्यही तसंच लांब हवं.)

त्या ग्रंथातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कापडाच्या व्यापाऱ्यांची आहे. त्यांनी लाल, जांभळ्या आणि निळ्या कापडांवर काळी नक्षी करून मागितली. माल आल्यावर व्यापारी भडकले, कारण लालावरची नक्षी त्यांना हिरवट दिसत होती. ठरलेला रंग वापरलाच नाही, असा आरोप. शेव्रल यांनी काय केलं, तर कागदाला नक्षीच्या आकाराची भोकं पाडली आणि तो कागद कापडावर असा ठेवला की लाल जमीन झाकली जाईल आणि फक्त नक्षी दिसेल. नक्षी काळीच होती. कागद उचलला, पुन्हा हिरवट. लाल समोर असला की त्याच्या शेजाऱ्यावर डोळा हिरव्याचा आरोप करतो, आणि काळ्यासारखा गरीब शेजारी तो आरोप मुकाट्याने अंगाला लावून घेतो. व्यापाऱ्यांचे चेहरे त्या वेळी कसे झाले असतील, हे पुस्तकात नाही. मी मात्र ते मनात पुष्कळदा पाहिले आहेत.

चित्रकलेच्या पुस्तकात संकल्पनाचे, म्हणजे डिझाइनचे, घटक आणि तत्त्वं असे दोन रकाने पाडून याद्या दिलेल्या असतात. रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश एका बाजूला. समतोल, प्रमाण, लय, विरोध, एकसंधता दुसऱ्या बाजूला. पाठ करताना वाटायचं, डावीकडचे शब्द तरी डोळ्यांना दिसतात, उजवीकडचे निव्वळ उपदेश. आता वाटतं, डावीकडे माणसं आहेत आणि उजवीकडे त्यांचे एकमेकांशी संबंध. त्या संबंधांत ‘विरोध’ उगाच बदनाम झाला आहे. पांढऱ्यावर काळा, जाडसर लोकरीशेजारी झुळझुळीत रेशीम, अवजड कोटाखाली अगदी चिंचोळी विजार; यांच्यात कुठे वाद आहे? ही मंडळी परकी असतात आणि परक्यासारखी नीट वागतात. खरे वाद होतात ते जवळच्या नात्यात. अगदी सारखं नाही, पुरेसं वेगळंही नाही, असं काही शेजारी आलं की भाऊबंदकी सुरू.

माझ्या एका शर्टाचं मधलं बटण हरवलं होतं. ताईने डबा धुंडाळून ‘जवळपास तसंच’ बटण लावलं. मूळची बटणं पांढरी, हे किंचित पिवळट. मूळच्यांना चार भोकं, याला दोन. एवढंसं. पण समोरचा माणूस बोलता बोलता माझ्या छातीकडे बघायचा आणि बघत राहायचा. सात बटणांची ती ओळ वरून खाली नीट चालत यायची आणि चौथ्या पायरीवर अडखळायची. शेवटी वैतागून ताईने ते काढलं आणि तिथे चक्क लाल बटण लावलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी विचारलं, “शर्ट नवा का?” जो फरक लपवायचा प्रयत्न केला ती चूक ठरली आणि जो मिरवला ती फॅशन. सोनिया दलोने या चित्रकर्तीने 1911 साली आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवली होती, ती आज संग्रहालयात आहे. तिच्या फोटोकडे बघताना जाणवतं की शेजारचे तुकडे एकमेकांसारखे दिसायचा जराही प्रयत्न करत नाहीत. ठिगळं उघडपणे ठिगळं आहेत. दोन वर्षांनी तिने त्याच चालीवर एक पोशाखही केला आणि तो घालून ती नाचायला गेली.

पट्ट्यांचंही असंच. बारीक पट्ट्यांच्या शर्टावर तेवढ्याच बारीक पट्ट्यांचा टाय बांधला की बघणाऱ्याचे डोळे पाण्यात पडल्यासारखे हलायला लागतात. टायचे पट्टे चांगले रुंद घेतले की लगेच शांतता. टीव्हीवर बोलायला जाणाऱ्यांना बारीक रेघांचे कपडे टाळायला सांगतात ते याच कारणाने. कापडाच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या आतली बारीक जाळी एकमेकींच्या फार जवळ येतात आणि पडद्यावर लाटा उठतात. यातली गंमत अशी की दोन्हींतलं अंतर जितकं सारखं, तितकी लाट मोठी. फरक वाढवत नेला तर लाटा बारीक होत होत दिसेनाशा होतात.

या लाटांना नाव मिळालं ते मात्र कापडावरून. ‘म्वारे’ नावाचं रेशीम असतं. बारीक उठावदार रेघांचं कापड दुहेरी दुमडतात, वरच्या आणि खालच्या थरातल्या रेघा जवळजवळ एकमेकींवर येतील अशा ठेवतात आणि जड रुळांमधून दाबून काढतात. रेघा पूर्ण जुळत नाहीत, म्हणून एकमेकींना चिरडतात. घडी उलगडली की कापडावर पाणी वाहून गेल्यासारखी नक्षी. म्हणजे भाऊबंदकी अशी पद्धतशीर लावून दिली, तर तिचंही वस्त्र होतं. हे कळल्यावर माझा सिद्धान्त जरा डळमळला, हे कबूल करतो.

आणखी डळमळला तो अ‍ॅड राइनहार्टमुळे. या अमेरिकन चित्रकाराने 1960 ते 1967, म्हणजे मरेपर्यंत, जवळपास एकच चित्र पुन्हा पुन्हा काढलं. पाच फूट बाय पाच फूट, चौकोनी, काळं. पहिल्या नजरेत नुसता काळा फळा. पण समोर उभं राहून डोळे सरावले की त्यात नऊ चौकोन दिसू लागतात आणि मध्ये एक क्रॉस उमटतो, कारण त्यातला कुठला काळा लालसर, कुठला निळसर, कुठला हिरवट. रंगातलं तेल काढून टाकून त्याने पृष्ठभाग असा मखमली केला होता की चकाकीचाही आधार मिळू नये. माझ्या शर्ट-पँटीने खिडकीपाशी जे केलं, नेमकं तेच. फरक एवढाच की त्याने ते ठरवून केलं आणि बघणाऱ्याला थांबायला लावलं. मला कुणी थांबून बघावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

“आता काय करू?” मी ताईला विचारलं. घड्याळ पुढे सरकत होतं आणि दुसरी काळी पँट नव्हती.

“मध्ये कुंपण घाल,” ती म्हणाली आणि कपाटातून रुंद तपकिरी पट्टा काढून दिला. पट्टा कमरेला बसला आणि काय आश्चर्य, वर काळा शर्ट, खाली काळी पँट. दोन जवळचे रंग एकमेकांना थेट भिडले की फरक ओरडून सांगतात. मध्ये बोटभर तिसरं काही आलं की डोळ्याला तुलना जमत नाही. रंगीत काचांच्या खिडक्यांमध्ये शिशाच्या काळ्या पट्ट्या असतात, त्या खरं तर काचा धरून ठेवायला, पण जाता जाता रंगांची भांडणंही त्या सोडवतात. मोंद्रियान या डच चित्रकाराच्या चित्रांत लाल, निळा, पिवळा आपापल्या घरात राहतात तेही काळ्या कुंपणांमुळे. 1965 साली इव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशन डिझायनरने ती चित्रं पोशाखावर आणली तेव्हा प्रश्न वेगळाच होता. चित्र सपाट, शरीर सपाट नाही. पोशाख अंगावर बसवायचा तर कुठेतरी टक्स, म्हणजे कापड चिमटीत धरून घातलेली शिवण, घ्यावे लागणार, आणि टक्स घेतला की सरळ रेघ मोडणार. त्याने कापडावर चित्र छापलंच नाही. एकेक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडला आणि अंगाचे सगळे उतार-चढाव त्या तुकड्यांच्या शिवणींत, कुंपणांच्या काठाशी लपवले. समोरून बघणाऱ्याला सपाट चित्र, आतल्या बाईला बसेल असा पोशाख. शिंप्याच्या दृष्टीने बघितलं तर त्या पोशाखातली कमाल रंगांत नाही, त्या शिवणींत आहे.

ताईचा पट्टा घालून मी समारंभाला वेळेवर पोचलो. दिवसभर कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळच्या आत, ऊन असतानाच, सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. आम्ही तीस-चाळीस जण पायऱ्यांवर उभे राहिलो. घरून निघताना प्रत्येक जण काळा होता. आता माझ्या डाव्या बाजूला निळसर जाकीट, उजवीकडे विटकरी झाक असलेला कुडता, पुढच्या ओळीत धुऊन धुऊन राखाडी झालेला एक आणि त्याच्याशेजारी मखमल. मखमलीमुळे राखाडी आणखी राखाडी होत होता आणि त्याच्या मालकाला त्याचा पत्ता नव्हता. मी हळूच अर्धं पाऊल बाजूला सरकलो.

“मधे फट दिसतेय,” फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून ओरडला. “जवळ या. अजून जवळ. खांद्याला खांदा लागू दे.”