कारवीखालची भेग

तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३), दोन्हीकडे दरड घरांच्या वरच्या उतारावरून आली. म्हणून लायडार (लेसर किरणांनी जमिनीचा आकार मोजणाऱ्या) सर्वेक्षणाची हद्द वाडीपाशी न थांबवता आम्ही डोंगरमाथ्यापर्यंत नेतो. महाडकडच्या या वाडीचं उड्डाण मे महिन्यात केलं. पानगळ झालेली, धुकं नाही. तरी कारवीची झुडपं दाट होती.

ड्रोन जमिनीपासून ८० मीटरवर, वेग सेकंदाला ५ मीटर, उड्डाणाच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांत ६० टक्के आच्छादन. उंची उड्डाणस्थळापासून मोजली, तर चढावर ड्रोन कड्याला भिडायची भीती असते. दरीत रेंज नव्हती. जमिनीवर एका जागी ठेवलेल्या उपग्रह-रिसीव्हरची (बेस स्टेशन) कच्ची नोंद ठेवून स्थाननिश्चिती नंतर केली.

खरी कसोटी झाडी वजा करताना लागते. क्लॉथ सिम्युलेशन फिल्टर, म्हणजे झाडी वेगळी काढणारं गणित, लेसरनं मोजलेल्या बिंदूंचा ढग उलटा करून त्यावर आभासी कापड सोडतं; कापड टेकेल ती जमीन. कापड ताठ असलं की उभ्या कड्याची धारच छाटली जाते, आणि शोधायची असते नेमकी तीच. ताठरपणा सगळ्यात कमी, १ वर आणला. मात्र कापडाची जाळी फार बारीक केली, की जमिनीचे बिंदू विरळ असतील तिथे कारवीचे बुंधे जमिनीत मिसळतात.

हिलशेड, म्हणजे जमिनीचा उजेड-सावलीतला नकाशा, एकाच दिशेच्या उजेडात कधीच वाचू नये. उजेडाला समांतर रेषा पुसल्या जातात. आठ दिशांनी पाहिल्यावर घरांच्या वर घोड्याच्या नालेच्या आकाराचा जुना कडा उमटला. त्याखाली डोंगराकडे कललेला टप्पा, मग उंचसखल, फुगलेली जमीन. हे सगळं जुन्या घसरणीचं. काळजी वाटली ती कड्याच्या वरच्या, त्याला समांतर जाणाऱ्या बारीक रेषेची.

अशी रेषा पायवाट असू शकते, बांध असू शकतो, किंवा दोन पट्टे नीट न जुळल्यानं पडलेली खोटी पायरीही. एक मीटर रुंदीचा छेद घेऊन बिंदूंना पट्ट्यानुसार रंग दिले. सगळ्या पट्ट्यांत खाच एकाच जागी होती. वर जाऊन पाहिलं तर भेगच, आणि खालची झाडं कललेली.

भेगेत पाणी शिरलं की मातीतला पाण्याचा दाब वाढतो आणि तिची पकड सुटते. म्हणून पावसाआधी भेग चिकणमातीनं बुजवून वरून पाणी वळवणारा चर काढायला सांगितलं. दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्या आहेत. पावसाळ्यात त्यांच्यातलं अंतर वाढताना दिसलं, तर स्कॅनची वाट न पाहता वाडी खाली करायची. फेरस्कॅन पावसाळ्यानंतर; त्यात दहा सेंटिमीटरहून कमी फरकावर आम्ही विसंबणार नाही.