फॉर्मवर एकच रकाना, घरात सांभाळणारे चार

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पीकविमा, पीएम किसान, संजय गांधी निराधार, जे येईल त्याचा फॉर्म भरून देतो. पंधरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे बहिणीच्या पोरांसाठी सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आठ दिवसांचं काम. पहिला हप्ता खात्यावर पडायला दीड वर्ष लागलं, आणि त्यातले निम्मे महिने माझ्याच हुशारीमुळे गेले.

आधी पोरांचं सांगतो. भाऊजी सुरतेला लूमवर होते. आमच्या तापीकाठच्या गावांतलं दर तिसरं घर सुरतेच्या उधना नाहीतर लिंबायतशी जोडलेलं आहे, तसंच तेही. 2020 च्या दिवाळीआधी ते तिथेच वारले. बहीण दोन लेकरं घेऊन माहेरी आली. तिचं किडनीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, आणि 2022 मध्ये, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आठवडा उरला असताना, धुळ्याच्या दवाखान्यात ती गेली. सासुरवाशिणी माहेरी यायच्या दिवसांत आमच्या घरून ती कायमची गेली. थोरली भाची तेव्हा नऊची, धाकटा चारचा.

पोरं आमच्याकडे राहणार यावर घरात चर्चा अशी झालीच नाही. प्रश्न होता तो दिवसाचा. मी सकाळी आठला दुकानावर. बायको दसऱ्यापासून कापूस वेचायला जाते, ती दिवस मावळता परत. माझ्या आईला गुडघ्यांमुळे ओट्याची पायरीसुद्धा उतरवत नाही. अंगणवाडी दुपारीच सुटते. मग धाकट्याला जेवू घालायचं, झोपवायचं, शेणात-विहिरीत जाऊ द्यायचं नाही, शाळेतून आलेल्या थोरलीला चहा-भाकर द्यायची, हे सगळं शेजारच्या जिजीने अंगावर घेतलं. जिजी आमच्या नात्यातली नाही, जातीतलीही नाही. साठीची विधवा बाई, एकटी राहते. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एक, एवढंच नातं.

योजनेचं मला दुकानातच एका गिऱ्हाइकामुळे कळलं. आई-बाप नसलेल्या किंवा एकच पालक उरलेल्या मुलाला आश्रमात न पाठवता नातेवाइकांच्या घरात वाढवायचं, आणि त्यासाठी सरकारने दरमहा पैसे द्यायचे, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. तेव्हा एका मुलामागे 1100 रुपये होते. 2023 मध्ये ते 2250 झाले आणि नावही लांब झालं, क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिन्याला 4000 मिळतात, पण त्याला खेड्यात वर्षाला 72,000 रुपये उत्पन्नाची अट आहे, आणि माझं दुकान धरलं की आम्ही त्यावर जातो. म्हणून बालसंगोपन.

घरी सांगितलं तर आई बिथरली. "आपलाच पोरे शेतस ना रे? त्यास्ना पैसा लेवाना?" दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिच्या डोळ्यासमोर गावात काय बोलतील ते होतं. मामाने भाच्यांवर धंदा मांडला, असं. मी म्हटलं, तू निराधारचे पैसे घेतेस की नाही? तर म्हणे, ते माझे आहेत, मी म्हातारी आहे. यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी बायकोने तिला वह्यांचा, गणवेशाचा आणि धाकट्याच्या दवाखान्याचा हिशेब तोंडी म्हणून दाखवला. आई तेव्हा गप्प झाली, पटलं म्हणून नव्हे.

मग कागद. दोघांच्या मृत्यूचे दाखले, मुलांचे आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासी, बँक पासबुक, आणि घरासमोर उभं राहून मुलांचा आणि पालकाचा एकत्र फोटो, पोस्टकार्ड साइज. मृत्यूची नोंद माणूस जिथे गेला तिथे होते, जिथला रहिवासी होता तिथे नाही. हे मी दुकानात शंभर जणांना सांगितलंय. तरी बहिणीचा दाखला मागायला आधी ग्रामपंचायतीतच गेलो. ग्रामसेवक हसला. धुळ्याचा दाखला मग मिळाला. भाऊजींचा सुरतेचा दाखला बहिणीच्या पेटीत होता, गुजराती आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांतला. इंग्रजीत आडनाव होतं सोनवणे, पण व्ही घालून. मुलांच्या आधारवर डब्ल्यू. दवाखान्यातला फॉर्म भाऊजींच्या खोलीवरच्या मित्राने रडत-पडत भरला होता, त्या गड्याला काय बोलणार!

मी म्हटलं, एवढ्याशा अक्षराने काय होतंय, आणि तसाच अर्ज दिला. दोन महिन्यांनी त्रुटी निघून परत आला. कारण तेच अक्षर. मग सुरत पॅसेंजर, एक रात्र भाऊजींच्या त्याच मित्राच्या खोलीवर, सकाळी दुरुस्तीचा अर्ज. सोबत जुनं पॅनकार्ड आणि आधार नेलं होतं म्हणून काम मार्गी लागलं. येताना गाडीत बसल्या बसल्या मी दोन्ही पोरांचे, बहिणीचे, सगळे कागद मांडीवर पसरून एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिलं. हे काम मी अर्ज द्यायच्या आधी घरच्या खाटेवर करू शकलो असतो. तुमच्यापैकी कुणी अर्ज करणार असेल तर एवढं ऐका, कागद गोळा झाले की आधी फक्त नावं वाचा. बाकी मजकूर नंतर.

फोटोची गंमत वेगळीच. शेजारच्या पोराने मोबाइलवर काढला. घरी येऊन पाहतो तर कोपऱ्यात जिजी, धाकट्याच्या तोंडाला लागलेलं वरण पदराने पुसताना. फोटोत फक्त पालक आणि बालक हवेत, म्हणून पुन्हा काढला. दुसऱ्या वेळी धाकटा रडत होता, कारण जिजीला बाजूला व्हायला सांगितलं होतं. तोच फोटो फाइलला लागला.

अर्जात पालक म्हणून मी माझं नाव टाकलं होतं. मामा मीच, दुकान माझं, सही माझी. अर्जाच्या चौकशीसाठी गृहभेटीला एक मॅडम आल्या, तिशीच्या असतील, स्कूटीवरून. पाणी घेतलं, घर पाहिलं, मोरी पाहिली, थोरलीची वही उघडून पाहिली. मग वही मिटवत विचारलं, "सांभाळतं कोण?"

मी म्हटलं, "मी."

ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या जिजीला हसू आवरलं नाही. "हाऊ? हाऊ तं दिनभर दुकानवर ऱ्हास!"

मॅडमनी पेन थांबवलं. मग पुढचा अर्धा तास माझ्याशी नाही, बायकोशी आणि जिजीशी बोलल्या. सकाळी कोण उठवतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, पोरगा कुणाच्या हातून जेवतो. धाकटा मधेच आला, जिजीच्या मांडीत बसला आणि सुपातले खडे वेचू लागला. जाताना मॅडम मला म्हणाल्या, पालक म्हणून मामींचं नाव टाका, ते खरं राहील. जिजीचं काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अहवालात मी लिहीन की शेजाऱ्यांचा आधार आहे. पैशाच्या रकान्यात शेजारी नसतो.

म्हणजे फॉर्म पुन्हा नव्याने. खातं बायकोचं आणि मुलांचं जॉइंट. फोटोही तिसऱ्यांदा, आता बायकोसोबत.

बाल कल्याण समितीसमोर जायचं म्हटल्यावर बायकोला रात्री झोप नव्हती. ही समिती म्हणजे कोर्टच समजा. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि अधिकार मॅजिस्ट्रेटच्या बेंचचे. प्रत्यक्षात साधी खोली होती, टेबलामागे मंडळी, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. कागद त्यांनी वरवर चाळले. त्यांना बोलायचं होतं मुलांशी. आम्हाला जरा मागे बसवलं आणि थोरलीला विचारलं, तुला कुठे राहायला आवडेल?

ती म्हणाली, "मामीजवळ." जरा थांबली, आणि मग नीट समजावून सांगावं तसं म्हणाली, "पण दिवसा जिजीकडे."

टेबलामागच्या एक बाई हसल्या. माझ्या बायकोने खाली मान घातली. तिला वाईट वाटलं की बरं, हे मी अजून विचारलेलं नाही.

आदेश झाला. मला वाटलं, संपलं. पण पैसे येईनात. तीन महिने मी योजनेच्या ऑफिसला फोन करत होतो आणि ते म्हणत होते, आमच्याकडून गेले. शेवटी बँकेतल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवलं. खात्याला आधार जोडलेलं होतं, पण एनपीसीआयला, म्हणजे बँकांमधली पैशांची ने-आण बघणाऱ्या संस्थेकडे, मॅप नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सरकारचे पैसे या दुसऱ्या रस्त्याने येतात. भरीला, या सगळ्या काळात धाकट्याला पाच पूर्ण झाले होते. पाचच्या आत काढलेल्या निळ्या आधारला बोटांचे ठसे नसतात, पाचनंतर ते द्यावे लागतात. ते राहिलं होतं. ठसे द्यायला मशीनवर बोट ठेवलं तर उमटेचना. ऑपरेटर म्हणाला, हात धुवा. जिजीने त्याला सकाळी गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला होता, बोटं चिकट.

मागचे काही महिने धरून पहिली रक्कम एकदम आली. त्या रात्री बायको म्हणाली, यातले जिजीला द्यायला हवेत. मीही तेच धरून होतो, पण द्यायचे कसे? पैसे पुढे केले तर म्हातारी दुखावेल, दोन वर्षांचं सगळं मजुरीत काढलं म्हणेल. साडी द्यावी? सिलिंडर भरून द्यावं? चार दिवस आम्ही हेच करत बसलो. शेवटी बायको पाकीट घेऊन गेली आणि अडखळत काहीतरी बोलली. जिजीने निवांत ऐकून घेतलं.

"दे. पाचशे दे महिनाले. मन्हं बी पोट शे ना भो."

नंतर तिनेच सांगितलं. तिच्या तरुणपणी नव्हे, दहा-बारा वर्षांपूर्वी, गावात मनरेगाचं नालाबांधाचं काम निघालं होतं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असली की ती सांभाळायला एका बाईला लावायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, असं त्या कायद्यात होतं. तेव्हा जिजीला लावलं होतं. ती निंबाखाली सात पोरं घेऊन बसायची आणि हजेरीपटावर तिचं नाव माती वाहणाऱ्या बायांच्या बरोबरीने लागायचं. पोरं सांभाळणं हे काम आहे, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. आई मात्र अजून कुरकुर करते की शेजारणीने पैसे घेतले. जिजीसमोर नाही, तिच्यामागे.

आता दरवर्षी जूनमध्ये बोनाफाईड नवीन जोडतो. अनुदान नियमित येत नाही, कधी तीन-तीन महिने काही नाही आणि मग एकदम. सरकारचे थकले की आमच्याकडून जिजीचे थकतात. ती काही बोलत नाही, पण तिच्या चुलीमागच्या भिंतीवर महिन्याला एक अशी कोळशाची रेघ ओढते, आणि पैसे दिले की माझ्यासमोर ओल्या बोटाने पुसते. परवा थोरलीने मोजून सांगितलं, मामा, चार झाल्या.