आमची वाटचाल : तीनशे मिलीची बाटली

2008 साली मी सांगलीत दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची आरओ मशिनं विकत होतो. बॅगेत दोन हत्यारं असायची. एक टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेन आणि दुसरं ते सळ्यांचं यंत्र. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात आमच्या आरओचं. सळ्या बुडवून बटण दाबलं की मिनिटभरात नळाच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ उठायचा. घरातली माणसं तोंडावर हात ठेवायची आणि बुकिंग तिथंच व्हायचं. खरं तर तो गाळ पाण्यातला नसतोच. लोखंडी सळी विजेनं विरघळते आणि तिचाच गंज होतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून त्यातून वीज नीट वाहत नाही आणि तो ग्लास निर्मळ दिसतो. मी केमिस्ट्रीचा बी.एस्सी., हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी दोन वर्षं तो खेळ केला. वाटचाल लिहायची तर फीत कापतानाच्या फोटोपासून सुरुवात करतात, पण आमची सुरुवात ही अशी आहे.

खेळ बंद पाडला विश्रामबागेतल्या एका निवृत्त बाईंनी. प्रयोग शांतपणे बघितला, आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि आमच्या स्वच्छ ग्लासात टाकलं. "आता लाव." लावलं. तोही ग्लास गढूळ झाला. "मग मीठ विषारी का रे?" मला उत्तर सुचेना. बाईंनी चहा दिला, मशीन घेतलं नाही.

माझ्या वहिनी मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी. संध्याकाळी ही गोष्ट हसण्यावारी सांगितली, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, लोकांना पाण्याची भीती घालण्यापेक्षा पाणी तपासून देऊ या की." 2010 च्या पाडव्याला गावभागातल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आमची लॅब सुरू झाली. भाडं कमी होतं. का कमी होतं, ते पुढं कळलं.

पहिली काही वर्षं पोट भरलं ते शेतकऱ्यांनी. तासगावचे द्राक्ष बागायतदार फवारणीसाठी आणि घड जीएच्या, म्हणजे वाढीच्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवण्यासाठी पाण्याचा सामू (पीएच) बघायला यायचे. मिरज-वाळव्याकडचे लोक क्षारपड रानातलं विहिरीचं पाणी आणायचे, जतकडचे बोअरचं. कोण कोल्ड्रिंकच्या बाटलीत, कोण तेलाच्या कॅनमध्ये. तेलाच्या कॅनमधलं पाणी परत पाठवायला आम्हाला दोन वर्षं लागली, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या, म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या, वर निघालं की मी विचारायचो, "युरिया किती टाकता?" समोरचा म्हणायचा, "शेजारी टाकतो तेवढाच."

एक घरगुती तक्रारही नोंदवून ठेवतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात त्याचं माप. त्याच्या नमुन्याला 27 अंशांवर तीन दिवस ठेवावं लागतं. गुरुवारी नमुना आला की रविवार गेलाच. वहिनींनी दारावर पाटीच लावली होती, ‘गुरुवारी बीओडी घेतला जात नाही’. लोकांना वाटायचं, आम्ही दत्ताचे उपासवाले.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणी टीव्हीवर बघून आम्हाला अभिमान वाटला, आणि घरी जाताना शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरी नाल्याचा नेहमीसारखा वासही आला. तोवर आम्ही नदीकडे पिण्याच्या पाण्याचा साठा म्हणूनच बघत होतो. त्यात राहणाऱ्यांचा विचार आमच्या रिपोर्टात कुठं नव्हता.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. भाडं कमी का होतं ते कळलं. इनक्युबेटर, ओव्हन, फ्रिज सगळं गेलं. वहिनींनी वजनकाटा आणि नोंदवह्या तेवढ्या माडीवर नेल्या होत्या. पूर ओसरल्यावर एका मित्राच्या गॅरेजमध्ये टेबल टाकलं आणि पूरगावांतल्या विहिरींसाठी एच-टू-एसच्या बाटल्या भरल्या. पाणी घालून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं की विष्ठेचा संसर्ग समजायचा. टेबलभर काळ्या बाटल्या. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची ते जलसुरक्षकांना कागदावर लिहून दिलं. त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, घेणार तरी कोणाकडून?

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात, पहाटे पावणेपाचला, हरिपूरच्या एका भोईकाकांचा फोन आला. "दादा, मासं वर आल्यात. तोंड बाहेर काढून हवा गिळाय लागल्यात. लवकर या."

गेलो. वारणेच्या संगमाच्या अलीकडं पाणी थांबलेलं, वरून विसर्ग बंद होता. काठाला चिलापी आणि शिंगाडे तोंडं वर करून होते. वाम मेलेली, पांढऱ्या पोटानं तरंगत होती. सवयीनं आधी पेन बुडवलं. टीडीएस 240. पेनाच्या हिशेबानं हे पाणी उत्तम!

मग तीनशे मिलीची बीओडी बाटली पाण्याखाली धरून भरली, बुडबुडा राहू न देता. त्यात मँगनीज सल्फेट, त्यावर अल्कली-आयोडाइड-अझाइड, बूच लावून उलटसुलट केली. पाण्यात ऑक्सिजन असला की चॉकलेटी साका बसतो. आमच्या बाटलीत साका बसला तो जवळजवळ पांढरा, तांदळाच्या धुवणासारखा. तिथंच कळलं. लॅबमध्ये आम्ल घालून थायोसल्फेट सोडलं, स्टार्चचा निळा रंग लगेच उडाला. लिटरला 0.9 मिलिग्रॅम ऑक्सिजन. माशांना 4 तरी लागतो.

एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. चांगल्या नदीच्या एक लिटर पाण्यात, आपल्या हवामानात, जेमतेम 8. मासा त्यावर जगतो. साखर कारखान्याची मळी किंवा स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, नदीत आलं की जिवाणूंना मेजवानी, आणि जेवताना ते हाच ऑक्सिजन संपवतात. स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला 40,000 मिलिग्रॅम धरला तर त्याचं एक लिटर 5,000 लिटर नदीचा ऑक्सिजन खाऊ शकतं. रात्री शेवाळंही ऑक्सिजन ओढतं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्य उगवायच्या आधीची. त्याच दिवशी दुपारी बाराला त्याच जागी घेतलेल्या नमुन्यात 4.6 आला. उन्हात शेवाळानं ऑक्सिजन सोडला होता. नमुने बहुतेक ऑफिसच्या वेळेतच घेतले जातात, हे मला तोपर्यंत कधी खटकलं नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या एका जुन्या, मोठ्या गिऱ्हाइकाच्या सांडपाण्याचा बीओडी 300 च्या घरात आला. नदीत सोडायची मर्यादा 30. फोनवर साहेब हसत म्हणाले, "एक शून्य जास्त पडलंय बघा." वहिनींनी नमुना परत लावून घेतला, परत तेवढाच आला, तोच रिपोर्ट गेला. वर्षाचं कंत्राट संपलं, आमच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. एका मुलाला दुसरीकडं नोकरी बघ म्हणावं लागलं. ते मला आणि वहिनींना दोघांनाही जड गेलं, आणि अजून बोललो की वहिनी विषय बदलतात.

आता आम्ही सातजण आहोत, पहिल्या मजल्यावर. प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ 17025 मानांकन मिळालं, त्याच्या फायलींबद्दल न बोललेलं बरं. मशिनं विकणं बंद आहे. टीडीएस 500 च्या आत असेल तर आरओ घेऊ नका, असं सांगतो. काहीजण तरी घेतात.

नदीचं काम धंद्यात धरत नाही. काकांच्या नातवाला साका पाडायला शिकवलंय, हातमोजे घालून. पांढरा बसला तर कधीही फोन कर, चॉकलेटी बसला तर आम्हाला झोपू दे, असं ठरलंय. पोरगं मात्र हौशी. परवा पहाटे पाचला फोन. मी उठून चपला शोधतोय तोवर म्हणालं, "काका, चॉकलेटी हाय. सांगावं म्हटलं."