माघवारीत वसलेला हिवाळी तळ

आषाढीला पंढरपूरला चालत जाणारे आमच्या गोव्यातल्या साखळी-डिचोलीकडे आहेतच, पण आमच्या घरची वारी माघीची. आषाढात भाताची लावणी टाकून कोण जाणार? माघात सरदाचं, म्हणजे पावसाळी भात घरात आलेलं असतं, वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची रोपं लावून झालेली असतात, काजूला मोहर धरू लागतो आणि चोर्ल्याचा घाट चढताना ऊनही सोसवतं.

यंदा भाची सोबत होती. ती आणि तिच्या मैत्रिणी फासे टाकून, बोलत बोलत गोष्ट रचायचा एक खेळ खेळतात. त्या खेळाचं जग उभं करायचं काम हिच्याकडे. विठ्ठलापूरच्या देवळातून निघून वाळवंटी नदी मागे पडली, तसं हिनं सुरू केलं. त्या जगात दोन चंद्र आहेत. उत्तरेच्या पठारावर भटके पशुपालक राहतात. त्यांची जनावरं केसाळ, रेड्याएवढी, चार शिंगांची. ती त्यांना ‘भुरे’ म्हणते. पहिला बर्फ पडला की सगळे खाली उतरून नदीच्या वळणावर तळ देतात. नकाशाही होता, वहीच्या मधल्या पानावर, पेन्सिलीनं.

आमच्या दिंडीत सत्तरी तालुक्याच्या डोंगरातले एक गवळी-धनगर बाबा होते. जन्म म्हशींमागे गेलेला. अभंग थांबला की ते हिच्या शेजारी चालायला येत.

‘‘बाये, किती दिवस राहतात गो ते तिथं?’’

‘‘चार महिने.’’

‘‘आणि भुरे किती?’’

‘‘तीन हजार.’’

‘‘मग आठव्या दिवशी माती चाटतील.’’

मला वाटलं, पोर हिरमुसणार. पण तिच्याकडे मंगोलिया होता. तिथले पशुपालक ऋतूप्रमाणे जागा बदलतात. हिवाळ्याची जागा दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला. त्या भागातलं गवत उन्हाळ्यात राखून ठेवायचं. वाळलेलं शेण जाळायला, आणि गोठ्यात साचलेल्या शेणाचा थर जनावरांच्या अंगाखाली उबेला. एवढं करूनही बर्फाचा थर जाड बसला की गवतापर्यंत तोंड पोचत नाही. त्या संकटाला तिथं झुड म्हणतात. 2009-10च्या हिवाळ्यात अशी 80 लाखांहून जास्त जनावरं मेली. बाबा काही वेळ गप्प चालले. मग म्हणाले, ‘‘राखीव गवत आहे ना? मग बसव तुझा तळ. पण सगळे भुरे तिथं नको. दुभते, गाभणे आणि म्हातारे तेवढे ठेव. बाकीचे पोरांनी लांब फिरवायचे.’’

केरीच्या मुक्कामात तळाला माणसं आली. पेज-लोणचं झालं आणि बायकांनी वही मधे घेतली. बाळंतिणीची राहुटी कुठे? पाणी वरच्या अंगाला भरायचं की खालच्या? मेलेलं जनावर कुठं टाकतात? चंद्र दोन आहेत, तर एकादश्या किती, असंही एकीनं विचारलं. त्यावर विणेकरीसुद्धा हसले. एरवी त्यांना हसू येत नाही, हे माझं मत.

घाट चढताना बाबांनी मुद्द्याचं काढलं. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की थंडी माणसाला हाकलते ते ठीक, पण आपल्याकडे हाकलतो पाऊस. घाटावरचे मेंढकी धनगर पावसाळ्यात पूर्वेच्या कोरड्या रानात असतात, कारण चिखलात मेंढराचे खूर सडतात आणि भिजलेली लोकर वाळत नाही. दिवाळीच्या आसपास त्यातले बरेच कळप पश्चिमेला सरकतात, कोकणातसुद्धा उतरतात. तेव्हा शेतं कापून मोकळी झालेली असतात. शेतकरी स्वतःहून मेंढरं बसवायला बोलावतो. रात्रभराची लेंडी आणि मूत जमिनीला, त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. म्हणून वाडा, म्हणजे धनगरांचा कळपासकट तळ, कुणी हुसकावत नाही.

‘‘तुझ्या नदीकाठी शेती कोण करतं?’’ त्यांनी विचारलं.

नकाशात तिथं नुसतं हिरवं रंगवलेलं होतं. भाचीनं चालता चालताच त्यात एक गाव काढलं. मला विचाराल तर तिचं जग त्या वळणावर उभं राहिलं. तोवर तिथले पशुपालक फक्त शूर होते, आता त्यांना कुणाची तरी गरज होती आणि कुणाला तरी त्यांची.

देव कुठला ठेवायचा, यावरही बोलणं झालं. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव एकाच ठिकाणी पुजतात, धनगरांची तिथं मोठी जत्रा भरते. बाबांचं म्हणणं, विठोबा मुळात राखणारा, कमरेवर हात ठेवून जनावरांकडे बघत उभा. अभ्यासकही विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधतात. आमच्या विणेकऱ्यांना ते पटलं नाही. त्यांनी मोठ्यानं पुढचा अभंग धरला.

जांबोटी ओलांडून बेळगावच्या बाजूला लागलो तेव्हा एका शेतात खराखुरा वाडा दिसला. वाघर, म्हणजे जाळं लावून केलेल्या कोंडात मेंढरं दाटीनं बसलेली, बाजूला घोडी, तिच्या पाठीवरून उतरवलेलं बिऱ्हाड, टोपलीखाली कोंबड्या. चुलीपाशी बसलेल्या धनगरणीनं आम्हाला माऊली म्हणत पाणी दिलं. भाचीनं विचारलं, मावशी, एका रात्रीचं काय मिळतं? ती म्हणाली, शेत बघून ठरतं, मालक बघून ठरतं, आणि पलीकडच्या रानात दुसरा वाडा उतरलेला असला तर आणखी कमी.

हिनं तिथंच वहीत नियम लिहिला: रोज संध्याकाळी गावकऱ्याशी सौदा, त्यासाठी दोन फासे, जवळ दुसरा तळ असला तर एकच. बाबांनी वाचून घेतला. नियम चालेल म्हणाले, पण तीन हजार भुऱ्यांना चारच कुत्री हे काही त्यांना मान्य नव्हतं. पंढरपुरापर्यंत त्यांनी ती अकरावर नेली.